उंबरठ्याचे देणे

गेल्या वर्षी गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन घर नुकतेच शांत झाले होते. पाहुणेमंडळी मुंबईच्या गाड्यांना लागली होती आणि रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या पडवीत मी साचलेली वर्तमानपत्रे घेऊन बसलो होतो. अशा वेळी जर्मनीहून भाच्याचा दूरध्वनी आला. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी तो नोकरीनिमित्त स्टुटगार्टला गेलेला. कुशलमंगल विचारून होण्यापूर्वीच त्याने तक्रारीला सुरुवात केली.

"मामा, मला इथे एक पत्र आलं आहे. तीन महिन्यांचे पंचावन्न युरो आठ सेंट भरा म्हणतात."

"कशाचे रे?"

"रेडिओ-टीव्हीचे! माझ्या खोलीत ना टीव्ही, ना रेडिओ. त्यांची भाषा मला अजून धड कळत नाही. एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. तरी पैसे भरायचेच म्हणे. आणि माझा पत्ता यांना दिला कोणी?"

खरे सांगायचे तर मलाही ते अन्यायाचेच वाटले. खानावळीत पाऊल न टाकणाऱ्याकडे जेवणाचे पैसे मागावेत, तसा हा प्रकार! "थांब, घाईने भरू नकोस," असा सल्लाही मी मोठेपणाच्या अधिकाराने देऊन टाकला. तो सल्ला चुकीचा होता, हे पुढील काही दिवसांत मला कळून चुकले. आणि ते कळत असताना परक्या देशाविषयी जेवढे समजले, त्याहून अधिक आपल्या गावाविषयी उमगले. म्हणून हा लेखप्रपंच.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी आणि १९६८पासून मुंबईची भगिनीनगरी. आज पुण्या-मुंबईपासून चिपळूण-रत्नागिरीपर्यंत अनेक घरांतली मुले जर्मन भाषेचे धडे गिरवीत आहेत. उद्या त्यांच्याही दारात हे पत्र पडणार आहे.

पत्रामागचा विचार

जर्मनीत १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक राहत्या घरामागे प्रसारण शुल्क आकारले जाते. तत्पूर्वी ज्याच्याकडे रेडिओ वा दूरचित्रवाणी संच असेल, त्यानेच ते भरावे असा नियम होता. संच लपविणारे लपवीत आणि तपासनीस दारोदार हिंडत. संगणक आणि भ्रमणध्वनी आल्यावर 'माझ्याकडे संच नाही' या विधानाला फारसा अर्थ उरला नाही. म्हणून संच मोजणे सोडून उंबरठे मोजण्याचे ठरले. घरात एक माणूस राहो वा पाच, शुल्क एकच. २०२१ साली त्याचा दर दरमहा १८ युरो ३६ सेंट झाला; म्हणजे आपल्या हिशेबाने अठराशे-एकोणीसशे रुपयांच्या आसपास. नवा रहिवासी नगर कार्यालयात आपला पत्ता नोंदवितो, तेथून ती नोंद प्रसारण संस्थांच्या शुल्क कार्यालयाकडे जाते. भाच्याच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एवढे साधे होते. पत्ता त्याने स्वतःच दिला होता.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. जो पाहत नाही, त्याने का भरावे? जर्मनीतही हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि प्रकरण कार्ल्सरूह येथील सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. १८ जुलै २०१८ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला. शुल्क घेतले जाते ते कार्यक्रम पाहिल्याबद्दल नव्हे. हवा तेव्हा पाहता-ऐकता येण्याची सोय उपलब्ध आहे, त्याबद्दल. मात्र त्याच निर्णयात न्यायालयाने नागरिकाच्या बाजूनेही एक मुद्दा मान्य केला. एकाच माणसाची दोन घरे असतील तर त्याच्याकडून दोनदा शुल्क घेता येणार नाही, कारण एक माणूस एका वेळी दोन घरांत बसून पाहू शकत नाही. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्याला कोकणात भेटणार आहे.

या व्यवस्थेला इतिहासाचीही एक बाजू आहे. नाझी राजवटीने आकाशवाणीचा उपयोग प्रचाराचे हत्यार म्हणून कसा केला, हे जगाने पाहिले. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत प्रसारण संस्था उभ्या राहिल्या, त्या शासनापासून अंतर राखूनच. संस्थेचा खर्च सरकारी तिजोरीतून चालला तर तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याची मर्जी राखावी लागते. म्हणून घराघराने थोडे थोडे द्यावे, असा हा विचार. तो पूर्णपणे साधला आहे का, याविषयी त्या देशातच मोठा वाद आहे. पण विचार समजून घेतल्यावर पत्रातील मागणी खंडणीसारखी वाटेनाशी होते.

इंग्लंडमध्ये गेलेल्या आपल्या मुलांना वेगळाच धक्का बसतो. तेथे १९९३पासून कौन्सिल कर आहे. कचरा उचलण्यापासून रस्त्यावरील दिव्यांपर्यंत आणि पोलिसांपर्यंतच्या स्थानिक खर्चाचा वाटा त्यातून येतो. आपल्याकडे घरपट्टी घरमालकाची, भाडेकरूला तिचा पत्ताही नसतो. तेथे मात्र घरात जो राहतो, त्यालाच बहुधा हा कर भरावा लागतो. भाड्याची रक्कम तेवढी हिशेबात धरून गेलेल्या नवख्या जोडप्याचे पहिल्याच महिन्याचे गणित कोलमडते. एकटा राहणाऱ्याला २५ टक्के सवलत मिळते, पूर्णवेळ विद्यार्थ्याला सूट असते. पण ती सवलत मागावी लागते आणि मागायची तर आधी ती ठाऊक असावी लागते. जर्मनीतही शासकीय निर्वाहसाहाय्यावर जगणाऱ्यांना प्रसारण शुल्कातून सूट आहे, तीही अर्ज केल्यावरच.

रागात तथ्य किती?

येथवर वाचून 'परदेशाचे ते सारे चांगले' असा सूर लागतो आहे, असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. भाच्याच्या रागात तथ्य होते. लक्षाधीशाच्या हवेलीला जेवढे शुल्क, तेवढेच नवख्या कामगाराच्या एका खोलीला, ही समानता वरवरची आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली माणशी सारखा स्थानिक कर लावला गेला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि तो कर मागे घ्यावा लागला. घराच्या मूल्यानुसार पायऱ्या असलेला आजचा कौन्सिल कर त्याच्या जागी आला. स्वित्झर्लंडमध्ये तर प्रसारण शुल्क मुळातूनच रद्द करावे का, यावर ४ मार्च २०१८ रोजी लोकांचे थेट मतदान घेण्यात आले. सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी शुल्क राहू द्यावे, असा कौल दिला. म्हणजे शुल्कावर राग सर्वत्र आहे. फरक पडतो तो राग व्यक्त करण्याच्या रीतीत. भरायचे, आणि भरणारा म्हणून उघडपणे जाब विचारायचा, ही एक रीत. भरायचे टाळायचे आणि म्हणूनच विचारायचे धैर्यही गमावून बसायचे, ही दुसरी.

आपल्यालाही हे सारे नवे नाही. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन वर्षाचे शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचे. आमच्या घरी ती पुस्तिका रेशनकार्डाच्या सोबतीने देवघराजवळच्या फडताळात असे. १९८०च्या दशकाच्या मध्यास तो परवाना रद्द झाला आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. आकाशवाणी व दूरदर्शनचा खर्च थांबला नाही. तो सरकारी तिजोरीवर गेला, म्हणजे वेगळ्या वाटेने आपल्यावरच राहिला. पुस्तिका गेली आणि तिच्याबरोबर 'हे मी दिलेल्या पैशावर चालते' ही जाणीवही गेली. दिसणारे देणे बोचते खरे. पण न दिसणाऱ्या देण्याचा हिशेब कोणीच मागत नाही.

बंद घराची पावती

आता गावाकडे वळू. भाच्याचे वडिलोपार्जित घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्या दगडाचे, कौलारू, पुढे पडवी आणि मागे विहीर. माझे मेहुणे डोंबिवलीला स्थायिक झाले, त्यालाही आता चार दशके होतील. घर वर्षातून दोनदा उघडते, गणपतीला आणि शिमग्याला. किल्ली माझ्याकडे असते. त्या दूरध्वनीनंतर चारच दिवसांनी मी दिवाबत्ती आणि साफसफाई करून घर बंद करायला गेलो, तेव्हा दाराच्या फटीत ग्रामपंचायतीचे मागणीबिल खोचलेले आढळले. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर. आणि तीन वर्षांची थकबाकी.

मी मेहुण्यांना विचारले. ते म्हणाले, "भाऊजी, घर तर वर्षाचे साडेअकरा महिने बंद असतं. तिथला दिवा आम्ही पाहत नाही, कचरा आम्ही टाकत नाही. डोंबिवलीला मालमत्ता कर भरतोच आहे ना! मग हा दुसरा कशाला?"

मी स्तब्ध झालो. स्टुटगार्टहून आलेली तक्रार आणि डोंबिवलीहून आलेले उत्तर यांत शब्दांचाही फरक नव्हता. बापलेकांनी एकमेकांना न विचारता एकच बाजू मांडली होती.

मग कार्ल्सरूहच्या त्या निर्णयाचा आधार मेहुण्यांना मिळतो का? दुसऱ्या घराचे शुल्क नाही, असे न्यायालय म्हणालेच होते. पण नीट पाहिले तर तोच निर्णय त्यांच्या विरुद्ध जातो. प्रसारणाचा लाभ माणसाबरोबर फिरतो. माणूस एक तर लाभ एक. घरपट्टीतून जे होते, ते जागेला चिकटलेले असते. वाडीतील पाखाडी, पऱ्यावरचा साकव, खांबावरचा दिवा, गटार. या गोष्टी तुम्ही डोंबिवलीला असताना तेथे घेऊन जात नाही, आणि तुम्ही नाही म्हणून त्या पावसात वाहून जायच्याही थांबत नाहीत. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागतो, तेव्हा गावात उरलेली माणसे ओल्या फांद्या घेऊन धावतात. तेव्हा उघडी घरे कोणती आणि बंद कोणती, हे ती पाहत नाहीत. किंबहुना बंद घर गावावर अधिक अवलंबून असते, कारण त्याची काळजी वाहणारे आत कोणी नसते. इंग्लंडने तर याबाबत कठोर पाऊल उचलले. एप्रिल २०२४पासून वर्षभर रिकाम्या पडलेल्या घरावर दुप्पट कौन्सिल कर आकारण्याची मुभा तेथील स्थानिक परिषदांना मिळाली आहे. आपल्याकडे निदान तसे करा, असे मी म्हणत नाही. पण 'बंद आहे म्हणून देणे नाही' हा युक्तिवाद टिकत नाही, एवढे खरे.

आणि बंद घरे एक-दोन नाहीत. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यातील ८१ हजारांहून अधिक माणसे दहा वर्षांत कमी झाली. ज्या वाडीत दहापैकी सहा दारांना कुलूप, तेथे चार घरांच्या पट्टीवर पाखाडी किती दिवस टिकणार?

पालखी आणि पट्टी

येथे एक विलक्षण गोष्ट मला दिसली. घरपट्टी तीन वर्षे थकविणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी शिमग्याची घरटी वर्गणी एकदाही चुकविलेली नाही. गावावरून निरोप जाण्याआधी त्यांचे पैसे येतात. एका वर्षी त्यांना येता आले नाही, तरी वर्गणी आलीच, वर 'पालखीसाठी दार उघडून ठेवा' असा निरोपही आला. म्हणजे घर बंद असले तरी देणे लागते, न वापरलेल्या गोष्टीचेही देणे लागते, हे त्यांना पूर्णपणे मान्य आहे. फक्त ते ग्रामपंचायतीच्या बाबतीत मान्य नाही.

असे का व्हावे? श्रद्धा हे एक उत्तर आहेच. दुसरे उत्तर असे की, त्या वर्गणीचा हिशेब देवळात सर्वांसमक्ष वाचला जातो. कोणत्या घरचे किती आले, मंडपाला किती गेले, शिल्लक किती, हे शेवटच्या रुपयापर्यंत ऐकवले जाते. चुकले तर तेथेच कोणी तरी आजोबा काठी टेकीत उठून विचारतात. आणि पालखी दारात येते, तेव्हा आपण दिलेले कोठे गेले ते डोळ्यांना दिसते.

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. गावकीच्या हिशेबात सगळीच घरे कधी सारखी नव्हती. मानपान होते, पायऱ्या होत्या. काही वाड्यांकडून काम घेतले जाई, पण हिशेबाच्या बैठकीत त्यांना शब्द नसे. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, असा भेद नाही. तेथे मानकऱ्याचे घर आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्याचे घर एकाच रकान्यात, एकाच नियमाने लिहिले जाते. ग्रामसभेत त्यांतल्या प्रत्येक मतदाराला सारखाच अधिकार आहे. समाज एक व्हावा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही नोंदवही देवळातल्या वहीइतकीच आपली मानली पाहिजे.

पण आपण ती मानतो का? कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढी उपस्थिती पुरते. किती गावांत तीही भरते? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते, आणि पाच-दहा जणांत वर्षाचा जमाखर्च संमत होतो. मग आपण म्हणतो, पंचायतीत सगळा अंधार! दिवा लावायला आपण गेलो होतो कोठे?

ग्रामपंचायतींनाही येथे दोष द्यावाच लागेल. मागणीबिल दाराच्या फटीत खोचले की कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. बिलाच्या मागे चार ओळींत 'गतवर्षी तुमच्या वाडीत एवढे खर्च झाले' असे लिहायला किती शाई लागते? चाकरमानी हा त्या गावचा मतदार नसतो, म्हणून ग्रामसभेचा सदस्यही नसतो. म्हणजे तो कर देतो, पण मत देऊ शकत नाही. स्टुटगार्टमधल्या माझ्या भाच्याची स्थिती हीच आहे. ज्याला मत नाही, त्याला निदान हिशेब ऐकण्याचा मान तरी मिळावा. गणपतीत आणि शिमग्यात सारे गाव एकत्र असते. त्या दिवसांत एक संध्याकाळ ठरवून सरपंच आणि ग्रामसेवकांनी देवळाच्या सभामंडपात वर्षाचा जमाखर्च वाचावा. ठराव करायचा नाही, मतदान घ्यायचे नाही. फक्त वाचायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. गावातील चार कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतला तर येत्या शिमग्यातच हे घडू शकेल.

ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत, त्या पालकांनाही एक सांगणे आहे. लोणचे-पापडांची यादी करताना आणखी एक यादी करा. तेथे घरामागे काय काय भरावे लागते, सवलत कोणती, अर्ज कोठे करायचा, हे मुलांना आधीच शोधून ठेवू द्या. आणि येथल्या घराची पट्टी भरायला त्यांना एकदा तरी स्वतः पाठवा. ज्याने बालपणी पाणीपट्टीच्या रांगेत उभे राहून पावती घरी आणली, त्याला स्टुटगार्टचे पत्र परके वाटणार नाही.

भाच्याला मी माझा सल्ला मागे घेतल्याचे कळविले. विलंब केला तर वर दंड चढतो, हेही सांगितले. त्याने शुल्क भरले. त्यानंतर मी त्याला त्याच्या गावच्या घराचे मागणीबिल वाचून दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तीन वर्षांचं मिळून किती होतं? मी पाठवतो. बाबांशी मी बोलेन." रक्कम ऐकून तो हसला, त्याच्या तेथल्या प्रसारण शुल्काच्या एका तिमाहीहूनही ती कमी होती.

दूरध्वनी ठेवताना त्याने विचारले, "आपल्या घरासमोरच्या खांबावर दिवा आहे ना? तो लागतो का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही कधी स्वतःला विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी थकबाकी भरून पावती घेतली आणि अंधार पडेपर्यंत मुद्दाम गावात थांबलो. दिवा लागत नव्हता. तेथेच पडवीत बसून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आणि खाली पावतीचा क्रमांक घातला.